पोटातली वस्ती

नागपूरच्या डॉक्टरांनी बायॉप्सीचा कागद वाचून संपवला, तेव्हा माझी बायको रेवंता पिशवीत माझा चष्मा शोधत होती. चष्मा सापडला, तिने तो माझ्या हातात दिला, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की आता वाचायचं काही उरलं नाही. सांगून झालं होतं. प्रोस्टेटचा कॅन्सर, कमरेच्या हाडापर्यंत गेलेला.

"मंग आपरेशन करा लागन का जी?" रेवंताने विचारलं.

"ऑपरेशन करून आता उपयोग नाही, मावशी. पण औषधाने दाबून ठेवता येतो. बरीच वर्षं."

बाहेर आल्यावर आम्ही बाकावर बसलो. तिने डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच परत ठेवला. "लघवीचा तरास कधीपासून होता?" तिने विचारलं. मी सांगितलं, सहा-आठ महिन्यांपासून. खोटं होतं. दीड वर्ष झालं होतं. आमगावहून एखाद्या गावाला जाताना तीन-तीनदा मोटरसायकल थांबवून बांधाशी उभा राहायचो. वय झालं म्हणायचो, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणायचो. मला कोण विचारणार? मी डॉक्टर होतो ना.

ते नीट सांगायला हवं. मी बत्तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, आमगाव तालुक्यातल्या गावांत. लोक 'ढोर डाक्टर' म्हणायचे, तोंडावर फक्त 'डाक्टर'. ऐकून ऐकून तो शब्द अंगाला चिकटला. या आजारपणात माझं जे नुकसान झालं आणि माझ्यामुळे दुसऱ्याचं जे झालं, ते कॅन्सरने कमी आणि त्या शब्दाने जास्त केलं. म्हणून लिहितो आहे. लिहायची ताकद रोज नसते. सकाळी दोन पानं होतात, मग आडवा होतो.

सुई

उपचार असा होता. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, म्हणून हार्मोन बंद करायचं. दर तीन महिन्यांनी पोटात एक सुई आणि रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या.

"म्हणजे खच्चीकरण," मी म्हणालो.

डॉक्टर तरुण होते. "औषधाने केलेलं. हो."

माझी नोकरी त्यांना तेव्हा ठाऊक नव्हती. मी आयुष्यभर गोऱ्ह्यांचं खच्चीकरण केलं आहे. मालक दोर धरायचा, मी चिमटा दाबून मनात आकडे मोजायचो, आणि चिमटा काढला की म्हणायचो, "झालं. दोन दिवसांत चरायला लागेल." लागायचाच. तिसऱ्या दिवशी त्याला कसं वाटत होतं हे मी कोणाला विचारलं नाही, विचारायची पद्धत नव्हती.

आता मला कळत होतं. बसल्या जागी अंगातून आगीचा लोळ उठायचा, मानेवरून घाम ओघळायचा, दहा मिनिटांनी थंडी वाजायची. छाती मऊ पडली. पायऱ्या चढताना मांड्या थरथरायच्या. टीव्हीवर कोणाची तरी मुलगी सासरी निघाली की डोळे भरायचे. एकदा असाच बनियन काढून पंख्याखाली बसलो होतो. रेवंता भाजी निवडत होती. म्हणाली, "पंचेचाळीसव्या वर्षी मले हेच होत होतं जी. तुमी म्हणत होते, नाटकं करून राहिली."

तिने पंखा एक नंबरने वाढवला.

रांगेतला माणूस

कमरेच्या हाडाला दहा दिवस रेडिएशन होतं. आम्ही नागपूरला धर्मशाळेत राहिलो. रोज सकाळी नऊला रांग. मूत्राशय भरलेलं हवं म्हणून पाणी पिऊन बसायचं आणि नंबर येईपर्यंत दाबून धरायचं. ज्या आजारात लघवी धरवत नाही, त्यातल्याच म्हाताऱ्यांना धरून बसायला सांगतात. भिंतीशी सात-आठ जण डोळे मिटून बसलेले असायचे. मशीनचा हॉल थंडगार. तिथली एक सिस्टर रोज न सांगता स्वतःची शाल माझ्या पायांवर टाकायची आणि काम झालं की काढून घ्यायची. तिचं नाव मी विचारलं नाही याचं आता वाईट वाटतं.

त्या रांगेत सुखदेव भेटला. कोहमाऱ्याला हायवेवर त्याचा ढाबा. धिप्पाड गडी, आवाज ट्रकवाल्यांशी बोलून बोलून मोठा झालेला. त्याचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात होता. त्याची बायको कौसल्या ढाबा सांभाळायला मागे राहिली होती, म्हणून तो एकटाच आलेला. रेवंता त्याच्यासाठीही पोळ्या करायची.

"काय गा डाक्टर," तो म्हणायचा, "मी तं हजारो लोकाईले पानी पाजलो. हे पानी काऊन उतरत नाही गा गळ्याखाली?"

दहा दिवसांत आमची अशी ओळख झाली, जशी गावात दहा वर्षांत होत नाही. दोन पुरुष एकमेकांना जे कधी सांगत नाहीत, ते आम्ही त्या बाकावर सांगून टाकलं. घरी परतल्यावरही आठवड्याला एक फोन ठरलेला.

डबी

वर्षभराने तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी एक झाकणाची डबी पुढे ठेवली. संशोधन चाललं होतं, त्यासाठी प्रोस्टेटच्या रुग्णांची शौचाचे नमुने गोळा करत होते. देणं सक्तीचं नव्हतं. मी कारण विचारलं.

त्यांनी सोपं करून सांगितलं. माणसाच्या आतड्यांत जिवाणूंची मोठी वस्ती असते. अन्न पचवणं, शरीराचं रक्षण, बऱ्याच गोष्टींत त्यांचा हात असतो. काही संशोधकांना असं दिसलं आहे की आपण औषधाने पुरुषी हार्मोन बंद केलं, तरी आतड्यातले काही जिवाणू शरीरातल्याच दुसऱ्या पदार्थांपासून तसलं हार्मोन बनवू शकतात. कदाचित त्यामुळेच काहींचा कॅन्सर औषधाला दाद देईनासा होतो. उलट, काही जिवाणू औषधाला मदतही करत असतील. "कदाचित, असतील, असंच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले. "यातून अजून उपचार निघालेला नाही. माहिती जमवणं सुरू आहे."

मी खुर्चीत ताठ बसलो. वर्षभरात पहिल्यांदा कोणी माझ्या धंद्यातलं बोलत होतं.

गाय गवत खाते, पण पचवतात तिच्या कोटीपोटातले जिवाणू. ते मेले की गाय भरल्या पोटी उपाशी. एकदा एका गावात कोणा दीडशहाण्याने म्हशीला तोंडावाटे भरमसाट अँटिबायोटिक पाजलं होतं. म्हैस रवंथ करेना, डोळे खोल गेले. मी शेजारच्या तंदुरुस्त गाईच्या तोंडातून रवंथाचा घास काढला, पाण्यात कालवला आणि म्हशीला पाजला. दोन-तीनदा. तिसऱ्या दिवशी म्हैस रवंथ करू लागली. त्या गावात माझ्या नावाने नारळ फुटला होता.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते मनापासून हसले, म्हणाले, "काका, तुम्हाला तर हे आमच्यापेक्षा आधीपासून माहीत आहे." माणूस कौतुकाने बोलला. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि 'उपचार निघालेला नाही' हे वाक्य तिथेच राहिलं.

पुढच्या खेपेला नमुना बर्फाच्या डब्यातून न्यायचा होता. गाडीत रेवंता तो डबा पायाशी ठेवून, पदर ओढून बसली होती. गोंदिया स्टेशनवर समोरच्या बाईने विचारलं, "मिठाई ले जा रहे हो क्या अम्मा?" रेवंताने मान डोलावली. "किसके लिए?" "डाक्टरसाठी," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून तिरोड्यापर्यंत हसत राहिली. तिला इतकं हसताना त्या वर्षी मी तेवढंच पाहिलं.

बासी

मग मी माझं डोकं चालवलं.

बायॉप्सीच्या वेळी मला अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या आणि आठ दिवस पोट बिघडलं होतं. म्हणजे माझी चांगली वस्ती तेव्हाच उजाडली, असा हिशोब मी मांडला. वस्ती परत बसवली की हार्मोन आपोआप ताळ्यावर येईल, मग सुईची गरजच काय? फोनवर एक व्हिडिओ बघितला की तसलेच दहा येतात. त्यांत पांढरे कोट घातलेले लोक पोटाबद्दल ठासून बोलायचे. 'कदाचित' हा शब्द त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडी नव्हता.

मी रेवंताला सांगितलं, रोज सकाळी बासी पाहिजे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून आंबवलेला, वर ताक आणि कांदा. आमच्या भागात रोवणीवर जाणारा माणूस हेच खाऊन निघतो. तिला आनंद झाला, मी काहीतरी मागून खातो आहे म्हणून. ती रोज निगुतीने करू लागली. गोळ्या मी माझ्या जनावरांच्या दवाखान्यातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत टाकू लागलो. सुईची तारीख आली, तेव्हा डॉक्टरांनी पुढे ढकलली असं सांगितलं.

खरं सांगायचं तर मी दमलो होतो. मरणाची भीती तितकी नव्हती. त्या घामाचा, त्या रडण्याचा, आरशातल्या त्या मऊ माणसाचा कंटाळा आला होता. जिवाणूंचं शास्त्र मला एवढ्यासाठी हवं होतं की ते मला 'बंद कर' म्हणायची परवानगी देईल.

आणि मला बरं वाटू लागलं. काही आठवड्यांनी आगीचे लोळ कमी झाले. पायांत जीव आला. आमगावच्या बाजारात चालत गेलो. त्याच भरात सुखदेवचा फोन आला. तो कंटाळला होता, म्हणाला उठवत नाही, भट्टीपाशी उभं राहवत नाही. मी त्याला सगळं समजावलं. कोटीपोट, म्हैस, बासी. गोळ्या सोडल्याचंही सांगितलं.

"मी पण सोडू का गा?" त्याने विचारलं.

"मला तर फरक पडला," मी म्हणालो.

"तू सांगतेस तं खरंच असन. तू तं डाक्टर आहेस."

त्या क्षणी 'ढोरांचा' एवढा एक शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही.

पेटी

चार महिने गेले. कमरेत पुन्हा ठणक सुरू झाली. आधी वाटलं चालण्याने असेल. मग कुशीवर वळता येईना. रेवंता शेकायला मिठाची पुरचुंडी करत होती, आणि जुनं फडकं शोधताना तिने पेटी उघडली.

ती पेटी घेऊन ओसरीवर आली आणि माझ्यासमोर उपडी केली. गोळ्यांची पाकिटं फरशीवर पसरली. ती खाली बसली, आणि एकेक पाकीट उचलून बघू लागली. सगळी भरलेली.

"हे काय होय जी?"

मी सांगू लागलो, जिवाणू, वस्ती. तिने मध्येच थांबवलं.

"मी रोज तुमच्यासाठी भात आंबवून राहिली. वाटत होतं, माह्या हातानं तुमाले बरं वाटून राहिलं. माह्याच हातानं मले आंधळी केली तुमी." तिचा आवाज वर गेला नाही. "मरायचंच असन तं सांगून मरा. मले अशी बेवकूफ बनवून मरू नका."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, बासी मात्र बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला, नागपूरले."

पीएसए, म्हणजे रक्तातून हा कॅन्सर मोजायचा आकडा, बराच वर गेला होता. डॉक्टर ओरडले नाहीत, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाले, "काका, जिवाणूंचं मी तुम्हाला खोटं नाही सांगितलं. ते करत असतील तर थेंब थेंब करत असतील. तुम्ही तर अख्खा नळ सोडून दिलात." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बासी खा, ताक प्या, पोटाला चांगलंच आहे ते. पण ते जेवण आहे. औषध हे आहे."

मी विचारलं, माझ्या नमुन्याचं काय निघालं? ते म्हणाले, एकट्याच्या डबीतून काही निघत नाही, पुष्कळ लोकांचं जमलं की काही दिसेल, तुम्हा-आम्हाला उपयोगी पडेल की पुढच्यांना, ते आज सांगता येणार नाही. मी दुसरी डबी मागून घेतली. सुई त्याच दिवशी टोचली. पीएसए पुढच्या काही महिन्यांत हळूहळू उतरला, पण पूर्वीइतका खाली आजही आलेला नाही. चार महिन्यांचं जे गेलं ते गेलं.

परतीच्या गाडीत मला सुखदेव आठवला. खरं म्हणजे तो रोजच आठवत होता, मी मान फिरवत होतो. महिन्याभरात त्याचा फोन आला नव्हता. मी लावला. कौसल्याने उचलला.

"ते फोनवर बोलत नाही आता," ती म्हणाली. "पाय गेले त्याईचे."

कोहमारा

त्यानेही सुई-गोळ्या सोडल्या होत्या, आणि मणक्यातली गाठ वाढून मज्जारज्जूवर दाब आला होता. एका सकाळी सुखदेव खाटेवरून उठायला गेला आणि पाय उठलेच नाहीत. लगेच नागपूरला हलवलं, पुन्हा रेडिएशन झालं. थोडी जाण परत आली होती. वॉकर धरून, कोणी कमरेला पकडलं तर चार पावलं, एवढंच. पूर्वीसारखं चालणं होणार नाही, असं सांगितलं होतं.

मी जाऊ की नको यात आठ दिवस काढले. रेवंता म्हणाली, "तुमीच जा. मी येनार नाही. हे तुमचं होय." गोंदियाहून बस पकडली.

ढाब्यावर दुपारची गर्दी ओसरली होती. कौसल्याला मी पहिल्यांदा पाहत होतो. बारीक बाई, हात कणकेने माखलेले. मी नाव सांगितलं.

"तुमीच का ते डाक्टर," ती म्हणाली. रस्त्यावरून येणाऱ्या कोणालाही पाणी देणाऱ्या त्या जागेत तिने मला पाणी विचारलं नाही. हाताने मागची बाजू दाखवली.

सुखदेव मागच्या छपरीत खाटेवर पडला होता. तो धिप्पाड देह अर्धा झाला होता, आवाज तेवढा तसाच.

"ये गा."

मी बसलो नाही. उभ्यानेच बोललो. घरून वाक्यं ठरवून आलो होतो, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, मी तुला चुकीचं सांगितलं. मला माणसाच्या औषधातलं काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी उपचार नाही म्हणून सांगितलं होतं, ते मी तुला सांगितलं नाही. मीही सुई बंद केली होती, मलाही भोवलं, पण माझे पाय आहेत.

रस्त्यावरून एक ट्रक गेला, छपरीचे पत्रे थरथरले.

"तू ढोरांचा डाक्टर आहेस, हे मले मालूम नव्हतं काय?" तो म्हणाला. "रांगेतच सांगतला होतास, बैलाईची गोष्ट. मले ती सुई नकोच होती गा. बायकोले काय सांगू, याचा बहाना पाहून राहिलो होतो. तू फोनवर भेटलास."

मला वाटलं, तो मला सोडवतो आहे. मी खाटेच्या कडेला टेकलो.

"पण पाय माहेच गेले," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी तिथेच बसून राहिलो. त्याचे खांदे हलत होते. त्या सुईने आम्हा दोघांनाही रडायला शिकवलं होतं, पण हे त्या सुईचं रडणं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तसंच भिंतीकडे तोंड ठेवून त्याने विचारलं, "सोमवारी सुई आहे नागपूरले. गाडीत चढवायले दोन मानसं लागतेत. येशीन?"

"येतो."

"दर बारीले या लागन."

"येतो म्हटलं ना."

सोमवारी सकाळी मी आणि ढाब्यावरचा आचारी, दोघांनी मिळून त्याला उचलून गाडीत बसवलं. माझी कंबर ठणकत होती, पण त्याचा भार अंगावर घेताना ती दुखली पाहिजे असंच वाटत होतं. कौसल्या गाडीपाशी आली. गोळ्यांची पिशवी तिने त्याच्या मांडीवर ठेवली नाही, खिडकीतून माझ्या हातात दिली.

"मी सांगतली तं घेत नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी तुमी फोन करून इचारत जा, गोळी घेतली का म्हणून. तुमचं ऐकतेत ते."

तिच्या बोलण्यात टोमणा होता की काम सांगणं होतं, मला कळलं नाही. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. पिशवी धरून बसलो.

त्याला आता सव्वा वर्ष होत आलं. मी रोज सकाळी सहाला उठतो, उपाशीपोटी माझी गोळी घेतो आणि कोहमाऱ्याला फोन लावतो. काही दिवस तो नीट बोलतो, काही दिवस शिव्या देतो, काही दिवस नुसता श्वास ऐकू येतो.

"घेतली का गा?"

"घेतली. तू?"

"घेतली."